गेम अडखळतोय? मॉनिटर घेण्याआधी हे तपासा

"आई, गेम अडकतोय. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊया ना!" असा हट्ट तुमच्याही घरी सुरू आहे का? मग पैसे खर्च करण्याआधी थोडं थांबा.

ग्राफिक्स कार्ड सेकंदाला जितकी चित्रं तयार करतं, तो फ्रेम रेट. मॉनिटर सेकंदाला जितक्या वेळा चित्र बदलतो, तो रिफ्रेश रेट. एकाने पोळ्या लाटाव्यात, दुसऱ्याने भाजाव्यात, तसंच हे. लाटणाराच मागे पडला, तर मोठा तवा आणून काय उपयोग?

कार्ड ४० फ्रेम देत असेल, तर ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर काही चित्रं एकदा, तर काही दोनदा दिसतात. म्हणून गेम अडखळतो. अशा वेळी सावल्या आणि रिझोल्यूशन कमी करा किंवा फ्रेम रेट ३० वर बांधा. प्रत्येक चित्र बरोबर दोनदा दिसेल आणि हालचाल एकसारखी वाटेल.

कार्ड १०० च्या पुढे फ्रेम देत असेल, तर मात्र मुलाचा हट्ट रास्त आहे. ६० हर्ट्झवर चित्र १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, तर १४४ वर सुमारे ७ मिलिसेकंदांनी.

वेगवान मॉनिटर आधीच घरात असेल, तर विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून पाहा. अनेकदा तो ६० वरच राहिलेला असतो! तो आकडा बदलायला एक रुपयाही लागत नाही.