गोळ्या नाही, डेटा: फार्मा सर्व्हिसने अमेरिका सोडून कुठे बघावं?

सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेने ब्रँडेड औषधांवर 100 टक्के टॅरिफची घोषणा केली आणि आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एका मित्राचा मेसेज आला, "भावा, माझी नोकरी जाते का आता?"

हा मित्र बी.फार्म. पण तो गोळ्या बनवत नाही. पुण्यात लॅपटॉपसमोर बसून तो परदेशातल्या पेशंटच्या साइड इफेक्टचे रिपोर्ट वाचतो. या कामाला फार्माकोव्हिजिलन्स म्हणतात. औषध बाजारात आल्यावर कुणाला काय त्रास झाला, हे कंपनीला सरकारी यंत्रणेला कळवावंच लागतं. अमेरिकेत एफडीए, युरोपात ईएमए. हे रिपोर्ट वाचणं, "जीव घाबराघुबरा झाला" अशा वाक्याला मेडड्रा नावाच्या मेडिकल शब्दकोशातला नेमका कोड लावणं आणि केस ठरलेल्या फॉरमॅटमध्ये पाठवणं, एवढं सगळं आपल्याकडून एक्सपोर्ट होतं. कंटेनर नाही, कस्टम्स नाही, म्हणून टॅरिफही नाही.

मी त्याला तेवढंच सांगून मोकळा झालो असतो. पण त्याच महिन्यात अमेरिकेच्या सिनेटमध्ये 'हायर' नावाचं विधेयक मांडलं गेलं. बाहेरच्या देशातून करून घेतलेल्या कामाच्या पेमेंटवर 25 टक्के कर, असा तो प्रस्ताव. विधेयक मांडलं म्हणजे कायदा झाला असं नाही. तरी एकाच देशावर सगळं पोट असेल तर काय होऊ शकतं, ते यातून दिसतं. मग दुसरं मार्केट कुठलं?

युरोप हे पहिलं उत्तर सगळेच देतात. नियम बरेचसे सारखे आहेत: गंभीर केस 15 दिवसांत, गंभीर नसलेली 90 दिवसांत. हे कॅलेंडरचे दिवस बरं का, शनिवार-रविवार आणि दिवाळी धरून. कंपनीच्या माणसाला रिपोर्टची किमान माहिती मिळाली की घड्याळ सुरू. तो 'डे झिरो'.

इथे आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांची चूक कबूल करतो. मी आधी ज्या टीममध्ये होतो तिथे डे झिरो भारतीय वेळेप्रमाणे सेव्ह व्हायचा. अमेरिकेत शुक्रवारी दुपारी आलेला ईमेल आपल्याकडे शनिवारचा दिसायचा, म्हणजे केस एक दिवस 'तरुण'. टेस्टिंगमध्ये सापडलं म्हणून बरं. नाहीतर चौदावा दिवस समजून पंधराव्या दिवशी निवांत बसलेले लोक आणि दुसऱ्या दिवशी उशिराचा शेरा.

पण युरोप 'एक मार्केट' फक्त कागदावर आहे. युरोपियन युनियनच्या अधिकृत भाषा 24. जबाबदार अधिकारी, ज्याला क्यूपीपीव्ही म्हणतात, तो तिथेच राहणारा लागतो, म्हणजे सगळ्यात वरची खुर्ची पुण्यात येत नाही. पेशंटचा डेटा भारतात आणायचा तर जीडीपीआरप्रमाणे वेगळे करार. ब्रेक्झिटनंतर 1 जानेवारी 2021 पासून ब्रिटनसाठी रिपोर्टिंगही वेगळं झालं. हे शेवटचं आपल्या पथ्यावरच पडलं म्हणा, काम वाढलं.

आणि विश्वासाचा मुद्दा. डिसेंबर 2023 मध्ये ईएमएने पुण्यातल्या सिनॅप्स लॅब्सने केलेल्या चाचण्यांवर उभ्या असलेल्या 400 च्या आसपास जेनेरिक औषधांना स्थगिती द्या, अशी शिफारस केली. त्या चाचण्यांच्या डेटावर त्यांचा भरवसा उरला नव्हता. 2015 मध्ये हैदराबादच्या जीव्हीकेच्या बाबतीत असंच, तेव्हा आकडा 700 च्या घरात होता. ही दोन्ही प्रकरणं बायोइक्विव्हॅलन्स चाचण्यांची, माझ्या मित्राच्या कामाची नाहीत. पण क्लायंट इतका फरक करत बसत नाही. त्याला दिसतं ते 'इंडिया, डेटा, गडबड'. मला विचाराल तर टॅरिफपेक्षा हा धोका मोठा आहे, आणि तो ट्रम्पने आणलेला नाही.

जपानबद्दल मी जास्त आशावादी आहे. तिथली यंत्रणा पीएमडीए. औषधांचं मार्केट मोठं, लोकसंख्या वयस्कर, म्हणजे औषधं जास्त आणि रिपोर्टही. वेळेचा फरक फक्त साडेतीन तासांचा, त्यामुळे नाइट शिफ्ट नाही. लवकर उठावं लागेल इतकंच. अडचण भाषेची, आणि ती खरी आहे. मूळ रिपोर्ट जपानीत, मेडड्राचीही जपानी आवृत्ती. "ट्रान्सलेशन टूल आहे ना" म्हणणाऱ्यांनी एकदा डॉक्टरची घाईघाईत लिहिलेली नोट टाकून बघावी. 'रॅश आला' आणि 'रॅश आला नाही' यात एका शब्दाची चूक पेशंटला महाग पडते. पुण्यात जपानी शिकवण्याची जुनी परंपरा आहे, पण शिकलेली बहुतेक मुलं आयटी किंवा ऑटो कंपन्यांकडे वळतात. फार्मसी आणि एन2 लेव्हलचं जपानी एकाच माणसाकडे असणं दुर्मिळ, म्हणूनच त्याला भाव आहे.

आखाताकडे फारसं कुणी बघत नाही. अरब देशांची फार्माकोव्हिजिलन्सची गाइडलाइन युरोपच्या नियमांवरून बेतलेली आहे, म्हणजे युरोपचं काम केलेल्याला अर्धा अभ्यास आधीच झालेला. सौदीला मात्र क्यूपीपीव्ही सौदीतच राहणारा हवा, आणि कामाचं प्रमाण अमेरिकेच्या जवळपासही नाही. छोट्या कंपनीला पुरेल, हजार सीटच्या सेंटरला नाही.

एआयचं काय, हे तुम्ही विचारणारच. साधी केस भरणं मशीन घेत चाललंय, त्यात वाद नाही. आमचीच मंडळी ते बनवतायत. उरतं ते 'हा त्रास याच औषधामुळे झाला का' हे ठरवणं आणि खाली सही करणं. म्हणून मार्केट निवडताना फक्त "केस किती येतात" हे बघणाऱ्या कंपनीची मला भीती वाटते. जिथे निव्वळ आकडा मोठा, तिथेच ऑटोमेशन आधी येणार.

मित्राला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आता कांजी पाठ करू?" डिसेंबरच्या एन5 परीक्षेचा फॉर्म त्याने भरलाय. एन2 पर्यंत अजून तीन लेव्हल आहेत, तोपर्यंत अमेरिकेचीच नाइट शिफ्ट.