आज्ञावलीखाली सही कोणाची?

पूल कोसळला की पहिला प्रश्न येतो तो आराखड्यावर सही कोणाची होती, हा. संगणकाची आज्ञावली कोसळली, तर मात्र ‘सिस्टीम डाऊन आहे’ एवढ्या उत्तरावर आपण समाधान मानतो. सॉफ्टवेअरनिर्मितीला अभियांत्रिकी म्हणावे काय, या वादाचे मर्म या फरकात आहे.

‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हा शब्द रूढ झाला तो १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या नाटो परिषदेमुळे. नाव मिळाले, पण शिस्त आली काय? कॅनडात तयार झालेल्या ‘थेरॅक-२५’ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांवर प्रमाणाबाहेर किरणांचा मारा केला. त्यांपैकी काही दगावले. आधीच्या यंत्रात आज्ञावली चुकली तरी धोका टाळणारी स्वतंत्र सुरक्षायंत्रणा होती. नव्या यंत्रात ती काढून सारी भिस्त आज्ञावलीवर ठेवली गेली. यंत्रचालकाने नोंद झरझर दुरुस्त केली, तर ती आज्ञावली गोंधळात पडू शकत होती. ती एकाच व्यक्तीने लिहिलेली होती आणि तिची स्वतंत्र तपासणी झालेली नव्हती.

‘सॉफ्टवेअर ही कला आहे, तिला सिमेंट-पोलादाचे नियम लावता येत नाहीत,’ असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. पुलात थोडे अधिक पोलाद घालून धोक्याला जागा ठेवता येते. आज्ञावलीत एक चिन्ह चुकले तरी सारा व्यवहार बिघडू शकतो. परंतु हे कारण अधिक दक्षतेचे आहे, सवलतीचे नव्हे. विमानातील आज्ञावल्यांसाठी टप्प्याटप्प्याच्या तपासणीचे मानक १९८० च्या दशकापासून आहे. म्हणजे जेथे आग्रह धरला, तेथे शिस्त आणता आली.

मनोरंजनाच्या खेळाला हे सारे नियम लावावेत, असे कोणी म्हणणार नाही. रुग्णालय, रेल्वेचे सिग्नल, बँकेतील ठेवी यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. आपल्याकडे ‘वास्तुविशारद’ म्हणवून घेण्यास १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणी लागते. ‘सॉफ्टवेअर अभियंता’ होण्यास कंपनीचे नेमणूकपत्र पुरते. पुण्या-मुंबईतील हजारो तरुण हे बिरुद अभिमानाने मिरवतात. त्यांच्या बुद्धिमत्तेविषयी शंका नाही. परंतु अभियंता हा हुद्दा नसून समाजाला दिलेली हमी आहे. जेथे माणसाचा जीव वा आयुष्यभराची पुंजी पणाला लागते, तेथे त्रयस्थ तपासणी आणि नावानिशी उत्तरदायित्व कायद्याने आवश्यक ठरवले पाहिजे. तोवर अभियांत्रिकी हा शब्द केवळ पदवीच्या कागदावरच राहील.