शेजारच्या भिंतीतून जाणारा गोवर



कळमन्याच्या बाजारात हमाली-मजुरी करणाऱ्या आमच्या बंधू-भगिनींच्या घरी लेकराच्या अंगावर पुरळ उठले, की अजूनही कुणीतरी म्हणते, "माता आली, सुई टोचू नका." म्हणून आज गोवराविषयी लिहीत आहोत.

गोवर हा विषाणूचा रोग. तो श्वासावाटे शिरतो, आधी शरीराच्या रक्षक पेशींनाच गाठतो आणि त्यांच्या पाठीवर बसून अंगभर फिरतो. मग श्वासनलिकेच्या अस्तराकडे वळतो. तिथल्या पेशी चाळीतल्या खोल्यांसारख्या भिंतीला भिंत लावून असतात. त्यांना जोडून ठेवणाऱ्या सांध्यात नेक्टिन-४ नावाचे प्रथिन असते. विषाणू नेमके तेच धरून मागल्या दाराने आत शिरतो, हे शास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवून दिले. पुढे रस्त्यावर न येताच, सांध्याजवळच्या भिंतीला भोक पाडून तो या खोलीतून त्या खोलीत जातो. शेवटी खोकल्यासरशी बाहेर पडतो. लस नसलेल्या लोकांत एक रोगी १२ ते १८ जणांना लागण देऊ शकतो, तीही पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून!

म्हणजे पुरळ दिसते तोवर चोर सारी चाळ फिरलेला असतो. त्याला मारणारे खास औषध नाही. डॉक्टर 'अ' जीवनसत्त्व देतात, न्यूमोनिया-जुलाबावर उपचार करतात. म्हणून दवाखाना टाळू नये. पण चोराला दारातच अडवते ती लस.

२०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडीत साथ उसळली, मालेगाव-भिवंडीतही पसरली. लेकरे दगावली. त्यांतल्या बहुतेकांना लस मिळालेली नव्हती. ती वस्तीही आपल्यासारखीच, कष्टकऱ्यांची आणि दाटीची.

गोवर-रुबेलाची लस सरकारी केंद्रात फुकट मिळते. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. मजुरी बुडते म्हणून दुसरा डोस राहून जातो, हे आम्ही जाणतो. राहिला असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येतो.

मातांनो, आज रात्री चूल आटोपल्यावर लेकराचे लसीचे कार्ड काढा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. रकाना कोरा असेल तर एका दिवसाची मजुरी जाऊ द्या, लेकरू जाऊ देऊ नका.