घाटावरील लाकूड आणि संगणकाची स्मृती

काशीच्या मणिकर्णिका घाटाचे नाव मराठी वाचकास नवे नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस अहिल्याबाई होळकरांनी या घाटाचा जीर्णोद्धार केला, आणि काशीयात्रेस जाणारा मराठी माणूस आजही त्या पायऱ्यांवर क्षणभर थबकतो. तेथील अग्नी अहोरात्र पेटता असतो. त्या अग्नीमागे एक अत्यंत व्यवहारी व्यवस्था आहे, तिच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. लाकूड होड्यांतून येते, घाटालगत त्याच्या उंच राशी रचल्या जातात, आणि मोठ्या तराजूवर तोलून ते लागेल तसे दिले जाते. प्रत्येक वेळी लाकडासाठी नवी होडी पाठवावयाची म्हटली तर किती खोळंबा होईल, हे सांगावयास नको. दूरचा माल आधीच जवळ आणावा आणि काम चालू असताना हाताशी असलेल्या राशीतून उचलावा, एवढेच या व्यवस्थेचे तत्त्व आहे.

जुन्या संगणकांचा वेग वाढविण्यासाठी जिचा उपयोग करतात, त्या 'रॅम डिस्क'चे तत्त्वही हेच आहे. जुनी यंत्रे जपणाऱ्या मंडळींत तिच्याविषयी दोन टोकांची मते आढळतात. काहींस ती जादूची कांडी वाटते. काही तिला धोक्याचा खेळ मानून दूर ठेवतात. प्रस्तुत लेखकाच्या मते, रॅम डिस्कपासून मिळणारा वेग हा तिचा दुय्यम लाभ होय. जीर्ण झालेल्या चकतीस ती विश्रांती देते, हा तिचा खरा लाभ. आणि मराठीतील पुष्कळसा मजकूर अद्याप अशा चकत्यांत अडकून पडलेला असल्यामुळे हा प्रश्न केवळ छांदिष्टांचा राहत नाही.

प्रथम वेगाचा विचार करू. संगणकाजवळ दोन प्रकारची साठवण असते. एक अंतःस्मृती, म्हणजे रॅम; हिच्यात फिरणारा एकही भाग नसतो. दुसरी बाह्य साठवण. १९८०च्या दशकातील लहान संगणकांत ती बहुधा फ्लॉपी, म्हणजे चुंबकीय लेप दिलेली पातळ चकती, असे. १९८१ साली बाजारात आलेल्या आय.बी.एम. पीसीच्या आणि पुढे आपल्याकडे त्याच धर्तीवर जुळविलेल्या यंत्रांच्या ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीचे उदाहरण घ्या. ही चकती मिनिटास ३०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास एक-पंचमांश सेकंद लागतो. हवी ती नोंद वाचनशीर्षाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. त्याआधी शीर्ष योग्य वर्तुळावर सरकावे लागते, आणि चकती थांबलेली असेल तर मोटारीने गती घेईपर्यंतचा वेळ निराळाच. उलट त्याच यंत्राच्या रॅममधील नोंद एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात हाती येते.

सबंध चकतीचा हिशेब केला तर हा फरक अधिक स्पष्ट होतो. दोन्ही बाजू मिळून तिच्यावर ८० वर्तुळे असतात. एका फेऱ्यात एक वर्तुळ वाचून झाले असे उदारपणे धरले, तरी सर्व वाचावयास १६ सेकंद लागतातच. तेवढाच मजकूर रॅमच्या एका भागातून दुसऱ्या भागात हलविण्यास ४.७७ मेगाहर्ट्झच्या त्या संथ प्रक्रियकासही सुमारे एक सेकंद पुरतो. प्रत्यक्ष कामात तर चकती अशी सलग वाचली जातच नाही. वर्डस्टारसारखा लेखनाचा प्रोग्राम एकाच वेळी संपूर्णपणे स्मृतीत मावत नसे. त्याचे काही भाग चकतीवर राहत आणि लागतील तसे आत ओढले जात. प्रत्येक वेळी मोटार सुरू होई, शीर्ष कुरकुरे, आणि लिहिणारा हात आवरून बसे.

रॅम डिस्क म्हणजे एक छोटासा प्रोग्राम असतो. तो अंतःस्मृतीचा काही भाग बाजूस काढतो आणि संगणकाच्या कार्यप्रणालीस सांगतो की, ही आणखी एक चकती आहे. कार्यप्रणाली तिला अक्षर देते, तिच्यावर फायली ठेवते, वाचते, पुसते. चकती खरी नाही याचा तिला पत्ताच नसतो. लहान संगणकांसाठी अशी पहिली सोय १९७९-८०च्या सुमारास इंग्लंडमध्ये जेरी कार्लिन यांनी 'सिलिकॉन डिस्क' या नावाने केली, असे मानले जाते. पुढे १९८४ साली पीसी-डॉसच्या ३.० आवृत्तीबरोबर 'व्हीडिस्क' आणि १९८६ साली एमएस-डॉसच्या ३.२ आवृत्तीबरोबर 'रॅमड्राइव्ह' हे प्रोग्राम मिळू लागले. प्रारंभीच्या आज्ञांच्या फायलीत एक ओळ लिहिली की काम भागे. यंत्राचा एक स्क्रूही काढावा लागत नसे.

आता त्या दुसऱ्या, अधिक महत्त्वाच्या लाभाकडे वळू. हार्ड डिस्कमध्ये वाचनशीर्ष पृष्ठभागापासून किंचित वर तरंगत असते. फ्लॉपीत ते पृष्ठभागास प्रत्यक्ष टेकलेले असते. म्हणजे फ्लॉपीचे प्रत्येक वाचन हे तिचे घर्षण आहे. नव्या चकतीस ते सोसते. तीस-पस्तीस वर्षे कपाटात पडलेल्या, कोकणातील वा मुंबईतील दमट हवेत बुरशी धरलेल्या चकतीचा लेप मात्र त्या घर्षणाने खरवडून निघू शकतो, आणि लेपाबरोबर अक्षरेही जातात. अशा चकतीवरून थेट काम करणे म्हणजे जीर्ण पोथी दिवसभर चाळीत बसण्यासारखे आहे. तीच चकती एकदाच वाचून रॅममध्ये उतरविली, तर पुढील शोध, तुलना, रूपांतर हे सारे त्या प्रतिकृतीवर करता येते. शंभर वेळच्या वाचनाऐवजी एकच वाचन होते.

मराठीचा संबंध येथे येतो. १९८०च्या दशकात कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये विकसित झालेले 'जिस्ट' तंत्र पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने पुढे वाढविले. त्याचे कार्ड डॉसच्या संगणकात बसविले की पडद्यावर देवनागरी उमटे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' ही संकेतावली १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झाली. त्याखेरीज निरनिराळ्या अक्षरसंचांच्या आपापल्या संकेतावल्या होत्याच. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मुद्रकांनी, संस्थांनी आणि अभ्यासकांनी या साधनांवर जे मराठी लिहिले, ते आजच्या संगणकात घातले असता बहुधा निरर्थक चिन्हांची रांग दिसते. त्याचा उलगडा करण्यासाठी पुष्कळदा मूळ यंत्र, मूळ कार्ड आणि मूळ प्रोग्राम यांच्यापाशीच जावे लागते. जुना संगणक चालता ठेवणे ही अशा वेळी हौस उरत नाही. तो त्या मजकुराचा अखेरचा वाचक असतो. त्या वाचकाचे श्रम वाचविणारे, आणि चकतीचे आयुष्य वाढविणारे, साधन हाताशी असताना ते न वापरणे शहाणपणाचे नव्हे.

आता आक्षेप. सर्वांत मोठा आक्षेप असा की, वीज जाताच रॅम डिस्कवरील सर्व काही नाहीसे होते. हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे, आणि त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. सर्व जलद स्मृती विसराळू असतातच असे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेल्या आणि १९६० साली कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकाची स्मृती चुंबकीय कड्यांची होती. वीज बंद झाली तरी कड्यांतील चुंबकत्व टिकून राही. १९७०नंतर स्वस्त अर्धसंवाहक स्मृती आली. तिच्यात प्रत्येक अंक सूक्ष्म विद्युत्भाराच्या रूपाने असतो आणि तो भार सतत गळत असतो. म्हणून काही मिलिसेकंदांच्या आत तो पुनःपुन्हा भरावा लागतो. आय.बी.एम. पीसीत हे काम दर १५ मायक्रोसेकंदांस एक ओळ या गतीने अखंड चालू असते. पेटता अग्नी कोणीतरी सतत जागता ठेवावा लागतो, तसाच हा प्रकार आहे. जागविणारा थांबला की सर्व विझले. भारनियमनाचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

पण या आक्षेपाने रॅम डिस्क त्याज्य ठरत नाही. तिची जागा तेवढी ठरते. पावसाळ्यात गंगा चढते, मणिकर्णिकेच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, आणि दहनविधी वरच्या गच्चीवर करावे लागतात. म्हणून खालच्या पायऱ्यांवर कोणी लाकडाची राससुद्धा रचू नये, असे कोणी म्हणत नाही. ती कायमची ठेव समजू नये, एवढेच शहाणा माणूस जाणतो. रॅम डिस्क ही कामाची पायरी आहे, कोठार नव्हे. ज्यांनी तिला कोठार मानले त्यांचे नुकसान झाले, आणि दोष मात्र साधनावर आला.

दुसरा आक्षेप जागेचा. डॉसच्या प्रोग्रामांस ६४० किलोबाइटच मिळत. त्यांतील ३६० रॅम डिस्कने घेतले तर उरलेल्यांत मोठा प्रोग्राम चालणार कसा? हेही योग्यच आहे. १९८५ साली आलेल्या विस्तारित स्मृतीच्या पद्धतीने ही अडचण बरीच दूर झाली. ज्यांच्याजवळ तसे कार्ड आहे त्यांनी रॅम डिस्क तेथे वसवावी. पण १९८४-८५पासून 'क्लास' योजनेत आपल्या शाळांना मिळालेल्या बीबीसी मायक्रोची गोष्ट घ्या. त्याच्या सामान्य प्रतिरूपात ३२ किलोबाइट स्मृती होती, आणि तिच्यातूनच पडद्यावरील चित्रासही वाटा द्यावा लागे. जेथे मुळात घरात जागा नाही, तेथे कोठी काढण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

तिसरा आक्षेप आजच्या काळातील आहे. फ्लॉपीच्या जागी घनस्थितीतील स्मृतिकार्ड बसविले तर वेगही मिळतो आणि वीज गेल्याचे भयही राहत नाही, मग रॅम डिस्कचा खटाटोप कशासाठी? नित्य वापराच्या यंत्रापुरता हा मार्ग उत्तम आहे. परंतु कार्ड बसविले म्हणून जुनी फ्लॉपी वाचली जात नाही. ती वाचावयास जुनाच फिरता भाग लागतो. शिवाय जे यंत्र संग्रहात ठेवण्याजोगे आहे, त्याच्या अंगाशी शक्य तितकी कमी छेडछाड व्हावी हे बरे. रॅम डिस्क यंत्रात काहीच बदलत नाही. यंत्र बंद केले की तिचा मागमूसही उरत नाही. तिचा जो दोष, तोच येथे गुण ठरतो.

तेव्हा व्यवहारात काय करावे? चकतीवर बुरशी दिसत असेल तर ती स्वच्छ झाल्याखेरीज यंत्रात घालू नये. शीर्ष मळले की पुढची चकतीही बिघडते. सवापाच इंची फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकावी, साडेतीन इंची असेल तर तिची खिडकी उघडी करावी, म्हणजे तिच्यावर चुकून लिहिले जाणार नाही. मग ती एकदाच वाचून रॅम डिस्कवर उतरवावी आणि लगेच बाहेर काढून ठेवावी. काही करण्यापूर्वी पहिली प्रत दुसऱ्या, टिकाऊ साधनावर घ्यावी. काम चालू असताना बदललेल्या फायली ठराविक वेळाने बाहेर लिहीत जावे, डॉसच्या ३.२ आवृत्तीपासून असलेली 'एक्सकॉपी' ही आज्ञा बदललेल्याच फायली वेचून घेऊ शकते, आणि दोन-तीन ओळींची आज्ञाफाइल केली की विसरण्याचा प्रश्न उरत नाही. मूळ चकतीवर परत कधीही लिहू नये.

यांतून विद्यार्थ्यांस मिळणारा धडाही लहान नाही. आजचा दूरध्वनी वा संगणक जलद स्मृती आणि कायमची साठवण यांतील सीमा इतकी झाकून टाकतो की, वेग आणि टिकाऊपणा एकच आहेत असे वाटू लागते. वस्तुतः ते दोन निराळे गुण आहेत आणि प्रत्येकाची किंमत निराळी मोजावी लागते. जुन्या यंत्रापुढे बसून रॅम डिस्कवर एक पान लिहावे, यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे, आणि ते पान शोधावे. पुस्तकातील दहा पानांनी जे कळणार नाही, ते त्या एका प्रयोगाने कळते.

ज्या ग्रंथालयांच्या, छापखान्यांच्या आणि महाविद्यालयांच्या माळ्यांवर अशी यंत्रे व चकत्यांच्या पेट्या पडून आहेत, त्यांच्यापुढे आता फार अवधी नाही. चकत्यांचा लेप कोणासाठी थांबत नाही, आणि त्या वाचू शकणारी यंत्रेही वर्षागणिक कमी होत आहेत. यंत्र भंगारात देण्यापूर्वी एकदा ते चालू करून पाहावे, त्याच्या रिकाम्या स्मृतीस एका दिवसापुरते कामास लावावे, आणि चकतीवरचे मराठी सुरक्षित जागी उतरवून घ्यावे. एवढ्या कामास पैसा फारसा लागत नाही. लागते ती थोडी शिस्त.