वेदनेचा हिशेब हवा

अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन आजही रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिले जाते. कॅनडात १९५०च्या दशकात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर सदाफुलीचा अर्क मधुमेहासाठी तपासत होते. साखर उतरली नाही. पण अर्क टोचलेल्या उंदरांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या आणि ते जंतुसंसर्गाने मेले. त्या मृत्यूंतूनच या कुळातल्या औषधांची वाट सापडली. हे ऋण मोठे आहे. म्हणूनच प्राण्यांवरचे सगळे प्रयोग उद्यापासून बंद करा, अशी मागणी आम्ही करणार नाही. पण आपल्या मुलांसाठी जो जीव अंगावर गाठ वाहतो, त्याने गरजेपेक्षा तासभरही जास्त का सोसावे?

इतकी काळजी घेत बसलो तर संशोधन रखडेल, असे म्हटले जाते. पुरावा नेमका उलटा आहे. प्रयोगशाळेतले उंदीर साधारण २० ते २४ अंशांत ठेवतात. माणसाला ते सुखाचे. उंदराला मात्र ३० अंशांच्या आसपास ऊब लागते. अमेरिकेतल्या बफलो येथील रॉझवेल पार्क संस्थेच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, अशा उबेत ठेवलेल्या उंदरांच्या गाठी हळू वाढतात, कमी पसरतात, कारण त्यांच्या टी-पेशी कर्करोगाशी अधिक जोमाने लढतात. म्हणजे थंड खोल्यांत आपण औषधे तपासतो ती आधीच गारठ्याशी झुंजणाऱ्या शरीरांवर. घरटे करायला पुरेसा कागद दिला तरी हा गारठा कमी होतो. शेपटी धरून उचलण्याऐवजी नळीत किंवा ओंजळीत घेतले तर उंदीर कमी घाबरतो, हे लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्येच सिद्ध केले. याला पैसे लागत नाहीत, सवय बदलावी लागते.

आपल्याकडे प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६०च्या कायद्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आहे, प्रत्येक संस्थेत प्रस्ताव तपासणारी नैतिकता समितीही आहे. प्रस्ताव मंजूर झाल्यानंतर पिंजऱ्यात काय घडते, हा खरा प्रश्न. गाठ किती वाढली, वजन किती उतरले की प्राण्याला वेदनारहित मरण द्यायचे, हे आधीच लिहून ठेवलेले असावे. ती मर्यादा आली की प्रयोग तिथेच थांबवण्याचा अधिकार पशुवैद्याला हवा, मग रविवार असो की कुणाच्या प्रबंधाची मुदत तोंडावर आलेली असो.

कोणत्या तीव्रतेचा त्रास किती प्राण्यांनी सोसला, याचे आकडे ब्रिटन दरवर्षी जाहीर करतो. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रासह सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेने तसा हिशेब लोकांपुढे ठेवावा. केंद्राने २०२३ मध्ये औषधचाचणीच्या नियमांत दुरुस्ती करून मानवी पेशींच्या सूक्ष्म रचना, चिपवरचे अवयव आणि संगणकीय पद्धतींना दार उघडले. नुसत्या परवानगीने या पद्धती प्रयोगशाळेत पोहोचत नाहीत. कर्करोग संशोधनाच्या प्रत्येक अनुदानातच त्यांच्यासाठी आणि पशुवैद्यकीय देखभालीसाठी वेगळी रक्कम राखून ठेवण्याची अट सरकारने घालावी.