आधी ढोबळ, मग बारीक

जुन्नरजवळची तुळजा लेणी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. तेथे बारा खांबांचे वर्तुळाकार चैत्यगृह आहे. समजा, कोणी त्याची त्रिमितीय संगणक-प्रतिकृती तयार केली आणि शिनोलीची एखादी विद्यार्थिनी ती मोबाइलवर पाहू लागली. तिला काय दिसेल? बहुधा बराच वेळ नुसते फिरणारे चक्र! आणि दोष जाईल गावच्या 'रेंज'ला. मला हे मान्य नाही.

हिशेबच करून पाहा. प्रतिकृती म्हणजे बिंदू जोडून केलेली त्रिकोणांची जाळी. 10 लाख बिंदू असतील, तर त्रिकोण सुमारे 20 लाख होतात. साध्या पद्धतीत प्रत्येक बिंदूचे स्थान लिहिण्यास 12 बाइट लागतात आणि प्रत्येक त्रिकोणाचे तीन बिंदू कोणते हे सांगण्यास आणखी 12. एकूण 3 कोटी 60 लाख बाइट. सेकंदाला 20 लाख बिट नेणाऱ्या जोडणीवर यास 144 सेकंद हवेत. मध्येच जोडणी तुटली, तर हाती काहीच नाही.

ह्यूज हॉप यांनी 1996 साली यावर सुरेख तोड सुचविली. जाळीतील एक कडा मिटवून तिची दोन टोके एकत्र करावयाची. कोणती कडा? जिच्या जाण्याने आकार सर्वांत कमी बिघडेल ती. म्हणून सपाट भिंतीवरच्या कडा आधी जातात, खांबांचे कोपरे टिकतात. असे करीत शेवटी थोडेच त्रिकोण उरतात; मात्र प्रत्येक मिटवणीची नोंद ठेवलेली असते. पाठविताना आधी हा सांगाडा पाठवावयाचा, मग नोंदी उलट्या क्रमाने. खांब लगेच उभे राहतात, टाकीचे घाव मागाहून उमटतात. वाटेत खंड पडला, तरी आलेले वाया जात नाही.

त्रिकोणांची जुळणीही आवळता येते. जॅरेक रॉसिग्नॅक यांच्या 1999 च्या पद्धतीत, जाळी साधी असल्यास, त्रिकोणामागे 12 बाइटांऐवजी सुमारे 2 बिट पुरतात!

"वेग वाढेलच, मग हा खटाटोप कशाला?" असे कोणी म्हणेल. पण प्रतिकृतीही फुगत जातात. मायकेलअँजेलोच्या 'डेव्हिड' पुतळ्याच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने केलेल्या मोजणीत सुमारे 2 अब्ज त्रिकोण निघाले होते.

तेव्हा शाळांसाठी प्रतिकृती करणाऱ्यांनी त्या शहरातील वेगवान जोडणीवर तपासून समाधान मानू नये. खेड्यातल्या दुबळ्या जोडणीवर त्या उघडून पाहाव्यात. आणि शिक्षकांनो, पहिला आकार पाच सेकंदांत दिसला नाही, तर प्रतिकृती खुशाल परत पाठवा.