मांजराची पेटी काय सांगते?

‘रात्री लघवीला किती वेळा उठावे लागते?’ हा डॉक्टरांचा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचा आहे. त्याच्या उत्तरात साखर, मूत्रपिंडे, प्रोस्टेट अशा कितीतरी गोष्टींचा सुगावा दडलेला असतो. घरातल्या मांजराच्या बाबतीतही हा प्रश्न तितकाच मोलाचा आहे. फक्त उत्तर देणारे कोणी नसते. मांजर दुखणे लपवते. ते कण्हत नाही, कपाटामागे जाऊन बसते, आणि आपण म्हणतो, ‘वय झाले, आताशा झोपते फार.’

फ्लॅटमध्ये राहणारे मांजर शी-शूसाठी लिटर बॉक्स वापरते. त्या पेटीखाली वजनाचे संवेदक बसवून मांजर किती वेळा आले, किती वेळ थांबले आणि त्याचे वजन किती भरले, याची नोंद मोबाइलवर पाठवणारी उपकरणे आता मिळतात. पुरीना कंपनीचे ‘पेटिव्हिटी’ हे नेहमीच्याच पेटीखाली ठेवायचे. ‘लिटर-रोबो’सारखे यंत्र स्वतः फिरून वाळू चाळते आणि गोळे खालच्या कप्प्यात टाकते. गुडघ्यांमुळे वाकणे ज्यांना जमत नाही, त्यांना हे दुसरे यंत्र मोठाच आधार वाटेल. तथापि त्याची किंमत भारी आहे, आणि साधारण दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या पिलांच्या घरात ते आपोआप फिरू देऊ नये.

यंत्र रोगनिदान करत नाही. ते केवळ मोजते. निरोगी मांजर दिवसातून साधारण दोन ते चार वेळा लघवी करते, पण या सरासरीपेक्षा आपल्या मांजराची स्वतःची नेहमीची सवय अधिक महत्त्वाची. रोज दोनदा जाणारे मांजर पाच वेळा जाऊ लागले, वाळूतले गोळे मोठे होऊ लागले, पाण्याचे भांडे लवकर रिकामे होऊ लागले, तर मूत्रपिंडे किंवा मधुमेह यांचा विचार करावा लागतो. दहा वर्षांपुढच्या मांजरांत मूत्रपिंडांचा जुनाट विकार फार आढळतो. रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले दिसते, तोवर मूत्रपिंडांच्या क्षमतेचा मोठा भाग गेलेला असतो. एसडीएमए ही चाचणी पुष्कळदा त्याआधी इशारा देते. लवकर कळले, तर आहार बदलून आणि शरीरातले पाणी टिकवून मांजर पुढे बराच काळ सुखाने जगू शकते.

वजनाची गोष्ट तर आणखी फसवी. चार किलोच्या मांजराचे दोनशे ग्रॅम घटले, तर केसांच्या झुपक्यात ते डोळ्यांना दिसत नाही. परंतु ही पाच टक्के घट आहे. साठ किलोच्या माणसाने काही कारण नसताना तीन किलो गमावावे, तशी. वयस्क मांजर अधाशासारखे खाते आणि तरीही रोडावते, तेव्हा थायरॉइड वाढल्याची शंका घ्यावी. ‘खाते आहे ना, मग ठीक आहे’ हे आपले समाधान येथे घातक ठरते.

आता एका प्रसंगी मात्र आलेखाकडे पाहत बसू नये. बोका वारंवार पेटीत जातो, कुंथतो, ओरडतो, आणि वाळू कोरडीच राहते. घरची माणसे बद्धकोष्ठ समजतात. पण बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. त्यात स्फटिक किंवा चिकट बोळा अडकला, की लघवी पूर्ण तुंबते, रक्तातले पोटॅशियम वाढते आणि हृदय बंद पडू शकते. एक-दोन दिवसांत प्राण जातो. असे दिसले की सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी पशुवैद्य गाठावा. आणि कृपा करून आपल्या औषधांच्या डब्यातली पॅरासिटामॉल त्याला देऊ नये. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही. अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. रात्रीच्या पशुवैद्याचा दूरध्वनी क्रमांक ठळक अक्षरांत लिहून आजच फ्रिजवर लावून ठेवावा.

यंत्राच्या मर्यादाही ध्यानात असाव्यात. बागेत किंवा गच्चीतल्या कुंड्यांत जाणाऱ्या मांजराची पेटी रिकामी दिसेल, म्हणून ते आजारी ठरत नाही. सारख्या वजनाची दोन मांजरे असली, की वजनावरून ओळखणाऱ्या यंत्राची गफलत होते. सांधे आखडलेल्या म्हाताऱ्या मांजराला उंच तोंडाच्या पेटीत चढणेच जड जाते; ते मग पलंगाच्या कोपऱ्यात किंवा पायपुसण्यावर बसते, आणि आपण त्याच्यावर रागावतो. तेथे कमी काठाचा पसरट ट्रे यंत्राहून अधिक उपयोगी.

ज्यांची मुले परगावी किंवा परदेशी आहेत, त्यांच्यासाठी एक सोय आहे. मोबाइलवरची सूचना लेकीच्या फोनवरही जाऊ शकते. पुण्यातल्या आजीच्या मांजराचे वजन घटते आहे, हे बॉस्टनमध्ये आधी कळू शकते. मात्र त्यानंतर पशुवैद्याकडे टोपली घेऊन कोण जाणार, हे आधीच ठरवलेले बरे.

यंत्र घेणे शक्य नसेल, तर वही पुरेशी आहे. सकाळी वाळू चाळताना गोळे मोजावेत, ओंजळभर की लिंबाएवढे, ते लिहावे. पंधरवड्यातून एकदा बाळांच्या काट्यावर वजन करावे. मांजराला उचलून आपल्या काट्यावर उभे राहण्याची हौस ज्येष्ठांनी करू नये. तोल जातो, आणि त्या काट्याला शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक नेमका कळतही नाही. पशुवैद्याकडे जाताना ही वही सोबत न्यावी.

वाळू रोजच्या रोज साफ करण्याला आणखी एक कारण आहे. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी येत असेल, तर तो बाधक होण्यास एक ते पाच दिवस लागतात. चोवीस तासांत वाळू काढली, तर धोका फार घटतो. कर्करोगावरील उपचार घेणाऱ्या किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असणाऱ्या व्यक्तीने हे काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे सोपवावे. तसे कोणी नसेल, तर हातमोजे घालून करावे आणि नंतर साबणाने हात धुवावेत.